आधी भिंत, मग घड्याळ

पिंपरी-चिंचवड आणि चाकण या पट्ट्यात अचूकता ही पोटापाण्याची गोष्ट आहे. भोसरीच्या एखाद्या लहान वर्कशॉपात मिलिमीटरच्या काही शतांशांनी चुकलेला भाग तपासणीच्या टेबलावरूनच परत येतो, आणि चाकणच्या कारखान्यांत जुळणीच्या प्रत्येक टप्प्याला किती सेकंद मिळणार हे आधी ठरते, माणसे मागाहून उभी राहतात. तरीही याच पट्ट्यातल्या पुष्कळ घरांत, चिंचवड, आकुर्डी किंवा तळवडे यांच्या जुन्या गावठाणांत तसेच गावाकडच्या वाटणीत आलेले सामान सांभाळत शहरात स्थिरावलेल्या कामगारांच्या सदनिकांत, लंबकाचे एखादे घड्याळ भिंतीवर टांगलेले आढळते, आणि ते बहुधा बंद असते.

या विसंगतीचे कारण कौशल्याच्या अभावात शोधू नये. कारखान्यात यंत्र बसवताना त्याखालचा पाया आधी तपासला जातो, लेथचा बेड स्पिरिट लेव्हल लावून समपातळीत आणला जातो, आणि हे सारे एकदा झाल्यावर पुढे बिघाड उद्भवला तर तो यंत्राच्या आतच आहे असे धरून चालतात; बहुतेक वेळा ते धरणे बरोबरही ठरते. घरातले लंबकाचे घड्याळ मात्र पाया न तपासता एका खिळ्याला अडकवलेले यंत्र असते, रंगकामाच्या वेळी ते उतरवले जाते, पुन्हा अंदाजाने टांगले जाते, आणि दोन तासांत थांबले की दोष आतल्या चाकांवर येतो. लंबकाच्या घड्याळाची दुरुस्ती बाहेरून आत करायची असते, आणि बाहेरच्या तीन-चार गोष्टी नीट पाहिल्या तर आत जाण्याची वेळच पुष्कळदा येत नाही, एवढे एक सूत्र धरले तरी या यंत्राशी घरच्या घरी वागता येते.

या शहराचे वय लक्षात घेता त्यातली अनेक घड्याळे शहराहून थोरली आहेत. पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना १९५४ मधली, औद्योगिक विकास महामंडळ १९६२ चे, नगरपालिका १९७० ची आणि महानगरपालिका १९८२ ची. लंबकाची घड्याळे त्याच्या कितीतरी आधी, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून, अमेरिकेतील अँसोनिया व सेथ थॉमस, जर्मनीतील श्रांबर्गचे युंगहान्स आणि जपानात किंतारो हत्तोरी यांनी १८९२ मध्ये सुरू केलेला सेइकोशा अशा कारखान्यांतून हिंदुस्थानात येत राहिली. ती आली तेव्हा घड्याळ कोणत्या वेळेला लावायचे हेही पक्के नव्हते. भारतीय प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ पासून लागू झाली, पण तिच्याहून ३९ मिनिटे मागे असलेली मुंबईची स्थानिक वेळ मुंबईत काही ठिकाणी १९५५ पर्यंत टिकून होती. आजही चिंचवडात सूर्य डोक्यावर येतो तो सरासरीने १२ वाजून ३५ मिनिटांच्या सुमारास, कारण प्रमाणवेळेचे रेखावृत्त येथून पुष्कळ पूर्वेला, ८२.५ अंशांवर आहे. वेळेचा आकडा आता साऱ्या देशाला एकच लागतो; लंबकाला मात्र स्थळ विसरता येत नाही, हे पुढे दिसेल.

यंत्राची रचना समजायला फारशी अवघड नाही. गुंडाळलेली पोलादी कमान, म्हणजे मुख्य स्प्रिंग, हा शक्तीचा साठा असतो. ती उलगडताना एकमेकांत गुंतलेली तीन-चार चाके फिरवते, आणि माळेतल्या शेवटच्या चाकाला टोकदार, किंचित कललेले दात असतात. या चाकावर जहाजाच्या नांगराच्या आकाराचा एक पोलादी तुकडा झुलत असतो व त्याची दोन टोके आळीपाळीने चाकाचा एकेक दात अडवतात आणि सोडतात. या जोडीला एस्केपमेंट म्हणतात, आणि घड्याळाचा जो आवाज आपल्याला ऐकू येतो तो दात टोकावर आपटण्याचा असतो. नांगरापासून खाली आलेली एक तार लंबकाच्या दांडीला हलकेच कवेत घेते. तिच्यावाटे लंबक नांगराला हलवतो, आणि सुटणारा प्रत्येक दात त्याच तारेवाटे लंबकाला अगदी लहानसा रेटा देतो, झोपाळ्यावर बसलेल्याला नेमक्या वेळी बोटाने लोटावे तसा. लंबक स्वतः एका पातळ पोलादी पट्टीला टांगलेला असतो, आणि ही पट्टी कागदाइतकी नाजूक असल्याने घड्याळ हलवताना सर्वांत आधी तीच पिचते. म्हणून घड्याळ जागेवरून उचलायचे झाले तर लंबक आधी काढून ठेवावा, ही अट मोडण्याची मुभा कोणालाच नाही.

आता पहिली तपासणी, आणि ती कानाने करायची असते. लंबक डावीकडे जाताना एक ठोका पडतो, उजवीकडे जाताना दुसरा, आणि दोन्ही ठोक्यांमधले अंतर सारखे असले पाहिजे. ते सारखे नसेल, एक ठोका लवकर व दुसरा रेंगाळून पडत असेल, तर नांगर एका बाजूला कमी व दुसऱ्या बाजूला जास्त झुलतो आहे असे समजावे. अशा वेळी एका बाजूचा दात जेमतेम सुटतो, लंबकाची झेप थोडी जरी कमी झाली तरी तो सुटतच नाही, आणि घड्याळ थांबते. धक्का दिला की चालते आणि काही वेळाने थांबते, ही जी तक्रार घरोघरी ऐकू येते तिच्यामागे सर्वांत जास्त वेळा हेच कारण असते. उपाय इतका साधा आहे की अनुभवी फिटरलाही तो पटायला वेळ लागतो: घड्याळाची पेटी खालच्या टोकाला धरून डावीकडे किंवा उजवीकडे अगदी सावकाश सरकवावी आणि ठोके समान ऐकू येतील तेथे थांबावे. ओळंबा लावून पेटी सरळ केली म्हणजे काम झाले असे समजू नये, कारण यंत्राला पेटीच्या सरळपणाशी देणेघेणे नसते, नांगर मध्यावर येण्याशी असते.

पेटी तिरकी दिसते आणि घरातल्यांना ते खपत नाही, अशा वेळी पेटी सरळ ठेवून नांगरापासून खाली आलेली तार वाकवावी लागते. ठोके समान करण्यासाठी पेटीची जी बाजू उचलावी लागली होती, त्याच बाजूकडे तारेचे खालचे टोक केसभर वाकवायचे, पुन्हा ऐकायचे, पुन्हा केसभर वाकवायचे. येथे हात आवरता आला पाहिजे. तार जास्त वाकली तर उलट वाकवावी लागते, आणि वरच्या जोडावर ताण येऊन नांगरच सैल होण्याची भीती असते. तार दांडीला ज्या फटीत किंवा कड्यात धरते तिथेही एकदा नजर टाकावी. ती फट फार घट्ट असेल तर दांडी अडकते, फार सैल असेल तर रेटा वाया जातो, आणि कारखान्यात ज्याला क्लिअरन्स म्हणतात तो येथे पोस्टकार्डाच्या जाडीइतका पुरतो. कानावर भरवसा नसलेल्यांनी मोबाइलवर आवाज ध्वनिमुद्रित करून ठोक्यांच्या खुणांमधले अंतर पडद्यावर मोजले तरी चालते, त्यात कमीपणा नाही. मात्र आठ-पंधरा दिवसांत कान तयार होतो आणि पुढे शेजारच्या खोलीतूनही लंगडा ठोका ओळखता येतो.

दुसरी तपासणी भिंतीची, आणि या पट्ट्यात ती विशेष महत्त्वाची ठरते. जुन्या गावठाणातल्या जाड दगडमातीच्या भिंतीत किंवा सागवानी खांबात ठोकलेला खिळा हलत नसे. नव्या इमारतींतल्या चार इंची किंवा हलक्या सच्छिद्र ठोकळ्यांच्या भिंतीत तोच खिळा काही महिन्यांत सैलावतो, आणि त्यावर टांगलेली पेटी लंबकाच्या प्रत्येक झोक्याबरोबर डोळ्यांना न दिसणाऱ्या अंतराने डुलू लागते. पेटी डुलली की लंबकाची शक्ती भिंतीला जाते. क्रिस्तियान हॉयगेन्स या डच शास्त्रज्ञाने १६६५ मध्ये एकाच आधारावर टांगलेली दोन घड्याळे काही वेळाने एकमेकांशी मेळ घालून, परस्परविरुद्ध दिशांनी झुलू लागतात असे नोंदवले होते, आणि त्याचे कारण हेच, की आधार आपल्याला स्थिर वाटतो तेवढा स्थिर नसतो. म्हणून हलक्या भिंतीत योग्य लांबीचा प्लग व स्क्रू वापरावा, पेटीचा खालचा भाग भिंतीला टेकतो आहे याची खात्री करावी, आणि तो टेकत नसेल तर मागे दोन्ही कोपऱ्यांशी रबराचे किंवा लाकडाचे पातळ तुकडे लावावेत. काही जर्मन घड्याळांना याच कामासाठी खाली दोन स्क्रू दिलेले असतात, आणि ते नक्षीचे समजून आत फिरवून टाकलेले आढळतात. पेटी मागे कलली असेल तर लंबकाचा गोळा मागच्या फळीला घासतो; तो घासल्याची रेघ फळीवर उमटलेली असते, ती बॅटरीच्या उजेडात पाहावी.

घड्याळ न थांबता चालू लागले म्हणजे वेळेचा प्रश्न येतो. लंबकाच्या एका पूर्ण झोक्याला लागणारा काळ दोनच गोष्टींवर मुख्यतः ठरतो: लंबकाची लांबी आणि त्या जागेचे गुरुत्वाकर्षण. गोळ्याचे वजन वाढवून घड्याळ हळू किंवा जलद होत नाही, हा गैरसमज शिकलेल्यांतही आहे. गोळ्याखालचा नट उजवीकडे फिरवला की गोळा वर चढतो, लांबी कमी होते आणि घड्याळ जलद चालते. उलट फिरवला की हळू. किती फिरवायचा, याचा हिशेब टर्नरला सहज जमेल असा आहे. सेकंदाला एक पूर्ण झोका घेणाऱ्या लंबकाची परिणामी लांबी २४.८ सेंटिमीटर असते, आणि दिवसाला एक मिनिटाचा फरक काढण्यासाठी ही लांबी सुमारे ०.३५ मिलिमीटरने बदलावी लागते. नटाच्या आट्यांमधले अंतर अर्धा मिलिमीटर धरले तर एका पूर्ण फेऱ्यात दिवसाकाठी जवळपास दीड मिनिट बदलते. नट फिरवताना दुसऱ्या हाताने गोळा धरून ठेवावा, नाहीतर वरची पट्टी पिळली जाते आणि लंबक सरळ झुलण्याऐवजी वळवळत जातो. आणि एकदा नट फिरवला की चोवीस तास त्याला हात लावू नये. दर दोन तासांनी सुधारणा करणारा माणूस घड्याळाऐवजी स्वतःच्या अस्वस्थतेला चावी देत असतो.

गुरुत्वाकर्षणाची गोष्ट मात्र हिशेबापेक्षा मोठी आहे. १६७२ मध्ये झाँ रिशे हा फ्रेंच खगोलवेत्ता विषुववृत्ताजवळच्या कायेन बेटावर गेला तेव्हा पॅरिसमध्ये बरोबर लावलेले त्याचे घड्याळ तेथे दिवसाला सुमारे अडीच मिनिटे मागे पडू लागले, आणि लंबक थोडा आखूड केल्यावरच ते ताळ्यावर आले. पृथ्वी विषुववृत्ताशी फुगीर आहे या विचाराला त्यातून मोठा आधार मिळाला. गुरुत्व अचूक मोजण्यासाठी उलटसुलट टांगता येणारा लंबक १८१७ च्या सुमारास बनवणारा हेन्री केटर त्याआधी दक्षिण हिंदुस्थानात लॅम्बटन या भूमापकाच्या सर्वेक्षणात राबलेला होता, आणि पुढे १८६५ पासून देशभर लंबकाची निरीक्षणे घेणारा कॅप्टन बेसेवी १८७१ मध्ये लडाखच्या उंच पठारावर त्याच कामात मरण पावला. हा सारा इतिहास पिंपरीच्या दिवाणखान्यातही लागू पडतो. श्रांबर्गच्या कारखान्यात बिनचूक लावलेले घड्याळ लंबकाला हात न लावता येथे आणून टांगले, तर केवळ अक्षांश आणि उंची यांतल्या फरकामुळे ते दिवसाला दीड ते दोन मिनिटे मागे पडेल, कारण येथे पृथ्वीची ओढ तिथल्यापेक्षा थोडी कमी आहे. लंडनमध्ये सेकंदाचा ठोका देणाऱ्या लंबकाची लांबी ९९.४ सेंटिमीटर भरते, ती पुण्याच्या परिसरात ९९.१ च्या आसपास येते. तेव्हा आजोबांच्या काळापासून गोळा दांडीवर नेहमीपेक्षा वर चढवलेला दिसला तर ती कोणाची चूक नसून या जागेशी केलेला करार असतो, आणि तो सहसा मोडू नये. लंबक आणि पृथ्वी यांचे नाते प्रत्यक्ष पाहायचे असेल तर पुणे विद्यापीठाच्या आवारातील आयुका या संस्थेत फूको लंबक आहे. आपल्या अक्षांशावर अशा लंबकाचे झुलण्याचे प्रतल एक पूर्ण फेरी घ्यायला सुमारे ७५ तास लावते.

ऋतूंचा परिणाम त्यामानाने किरकोळ आहे, पण तो माहीत नसला की उगाच नट फिरवला जातो. पोलादी दांडी तापमानाच्या प्रत्येक अंशाला इतकी लांबते की घड्याळ दिवसाला अर्धा सेकंद मागे पडते. पितळी दांडी याहून जास्त. जानेवारीतली घरातली रात्र आणि एप्रिलमधली दुपार यांत १५ अंशांचा फरक धरला तर पोलादाला सात-आठ आणि पितळेला बारा सेकंदांचा दैनिक फरक पडतो. यावर उपाय म्हणून इंग्रज घड्याळकार ग्रॅहॅमने पाऱ्याचा आणि हॅरिसनने पोलाद-पितळेच्या गजांचा लंबक १७२० च्या दशकात काढला. घरगुती घड्याळांना लाकडी दांडी हा स्वस्त उपाय पुरला, कारण लाकूड उष्णतेने फार थोडे वाढते. ते दमटपणाने मात्र वाढते, म्हणून दांडीवरचे व्हार्निश उडाले असेल तर पावसाळ्याआधी नवे लावावे. आठवड्यातही चढउतार असतो. नुकती चावी दिलेली कमान लंबकाला मोठी झेप देते, आठव्या दिवशी ती झेप आखडते, आणि झेपेच्या या फरकाने वेळ काही सेकंद इकडेतिकडे होते. म्हणून आठवड्याचे घड्याळ ठरावीक वारी चावी देऊन चालवावे आणि त्याची परीक्षाही आठवड्यानेच घ्यावी. चांगल्या स्थितीतले घरगुती घड्याळ आठवड्याला मिनिटभर चुकले तर ते नापास होत नाही.

ठोके समान आहेत, भिंत पक्की आहे, तरी घड्याळ थांबते, असे झाले की मग आत जायचे. येथे कारखान्यांत रुळलेली एक पद्धत उपयोगी पडते. टोयोटाच्या तैईची ओनो यांनी प्रचारात आणलेली, एकाच बिघाडाबद्दल पाच वेळा ‘का’ विचारण्याची रीत चाकणच्या कामगारांना पाठ असते. घरच्या घड्याळाला ती जशीच्या तशी लागते, फक्त पहिला प्रश्न ‘केव्हा’ असा हवा. घड्याळ रोज एकाच मिनिटाला थांबत असेल तर काटे एकमेकांना, तबकडीला किंवा काचेला घासत आहेत. तासाला पाच-दहा मिनिटे असताना थांबत असेल तर टोल्यांची यंत्रणा सज्ज होताना मुख्य माळेवर येणारा भार त्याला पेलत नाही. चावी दिल्यावर चार-पाच दिवसांनी थांबत असेल तर कमान थकली आहे किंवा, आणि हेच अधिक वेळा खरे असते, चाकांच्या आसांची टोके ज्या भोकांत फिरतात तिथे जुने तेल आणि धूळ यांचा काळा चिकट लेप बसला आहे.

हा लेप म्हणजे या पट्ट्यातल्या घड्याळांचा मुख्य आजार होय, आणि तो वाढवण्याचे काम घरचे तेलच करते. खोबरेल तेल २४ अंशांच्या खाली गोठते; जे तेल हिवाळ्यात बाटलीतून निघत नाही ते आसाच्या टोकाला फिरू देईल ही अपेक्षा अजब आहे, पण घरोघरी तेच घातलेले सापडते. रॉकेलमध्ये बुडवलेले पीस फिरवण्याची जुनी रीत काही दिवस घड्याळ चालवते, कारण घाण तात्पुरती पातळ होते; रॉकेल उडून गेले की घाण तिथेच राहते आणि तेल मात्र नाहीसे झालेले असते. गंज सोडवणाऱ्या फवाऱ्यांचेही तेच. घड्याळाचे खास तेल वेगळे मिळते, ते सुईच्या टोकावर येईल एवढे, फक्त आसांच्या भोकांत आणि नांगराच्या टोकांवर द्यायचे असते. चाकांच्या दातांना तेल लावायचे नसते, कारण तिथे ते धूळ पकडते आणि धूळ पितळात रुतून पोलादाला कानसते. घाण आधी काढल्याशिवाय नवे तेल घालणे हा उपचार नव्हे, आणि घाण नीट काढायची तर यंत्र सुटे करावे लागते. घरच्या माणसाने थांबायचे ते येथे.

थांबण्याचे कारण कमान हे आहे. आठ दिवसांची शक्ती साठवलेली कमान एका क्षणात सुटली तर चाकांचे दात उडतात आणि बोटेही सुखरूप राहत नाहीत. चाके ज्यांच्यामध्ये बसतात त्या यंत्राच्या दोन पत्र्यांचा एकही स्क्रू सैल करण्यापूर्वी, किंवा नांगर काढण्यापूर्वी, चावी घट्ट धरून खटका उचलत कमान थोडी थोडी करून पूर्ण उतरवावी लागते, आणि हे एखाद्या जाणकाराच्या शेजारी उभे राहून एकदा पाहिल्याशिवाय करू नये. दुसरा धोका कौशल्याचा. भोके झिजून लंबगोल झाली असतील तर तिथे पितळी बुश बसवावा लागतो, आणि बुश करणे हा भोसरीतल्या कोणत्याही टर्नरच्या डाव्या हाताचा मळ आहे. पण झिजलेल्या भोकाचा मध्य हा मूळ मध्य नसतो, आणि तोच धरून नवे भोक पाडले तर चाकांचे दात एकमेकांत चुकीच्या खोलीवर बसतात. अशा प्रकारे पक्के बिघडवलेले यंत्र कसबी हाताचेच काम असते, हे मान्य करावे लागते. मूळ मध्य शोधून त्यावर काम करण्याची समज मात्र टूलरूममध्ये उमेदीची वर्षे घालवलेल्या माणसांकडे असते, आणि निवृत्तीनंतर त्यांना विचारणारे कोणी नसते. शहरातल्या घड्याळवाल्यांपैकी लंबकाचे यंत्र घेणारे थोडे उरले असताना बंद घड्याळांची आणि या माणसांची गाठ पडायला हरकत नसावी.

टोल्यांबद्दल घाबरण्याचे कारण मुळीच नाही. बारा तासांत ७८ आणि अर्ध्या तासाचे बारा धरून ९० टोले वाजवणारी ही चाकांची दुसरी, स्वतंत्र माळ असते, तिला वेगळी चावी लागते, आणि ती चावी द्यायची राहिली की टोले बंद पडून वेळ चालूच राहते. घड्याळ पाच दाखवते आणि आठ वाजवते, हा दोष दिसायला मोठा असला तरी तासकाटा आसावर केवळ घट्ट दाबून बसवलेला असल्याने तो हलकेच आठवर फिरवला की मेळ बसतो. नंतर मिनिटकाटा पुढे नेत, प्रत्येक टोला पूर्ण होऊ देत, खरी वेळ लावावी. जुन्या अमेरिकन घड्याळांत टोल्यांची संख्या खाचा असलेल्या एका चकतीवर क्रमाने ठरलेली असते, तिला काट्यांचा पत्ताच नसतो, म्हणून घाईने काटे फिरवले की तिचा क्रम मागे राहतो. मिनिटकाटा उलट फिरवून बाराच्या मागे नेऊ नये.

आता अलीकडच्या एका पद्धतीविषयी. बंद पडलेल्या लंबकाच्या घड्याळातले यंत्र काढून तिथे सेलवर चालणारे क्वार्ट्झ यंत्र बसवून देण्याची सोय सर्वत्र झाली आहे, आणि ती स्वस्त आहे. सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावणारा स्फटिक कोणत्याही घरगुती लंबकाहून जास्त बरोबर वेळ दाखवतो, त्याला भिंत, तेल, अक्षांश यांपैकी कशाचीच पर्वा नसते, आणि वेळ पाहणे एवढाच हेतू असेल तर वाद घालण्याचे कारण नाही. पण तो हेतू खिशातल्या मोबाइलने केव्हाच पुरा केला आहे. पेटी जुनी आणि यंत्र सेलचे, खाली शोभेचा लंबक दुसऱ्याच एका चुंबकावर हलतो आहे, हे दृश्य या पट्ट्यातल्या कारागिरांच्या घरी तरी शोभत नाही, असे स्पष्ट म्हणावेसे वाटते. ज्या यंत्रात बहुतेक भाग शंभर वर्षांनंतरही शाबूत असतात आणि बिघाड अनेकदा एका सैल खिळ्याचा असतो, ते यंत्र बदलणे ही दुरुस्ती नव्हे. तरीही घरच्या मंडळींचा आग्रह मोडवत नसेल आणि सेलचे यंत्र बसवावेच लागले, तर काढलेले यंत्र भंगारात घालू नये, कमान उतरवून घ्यावी, आणि यंत्र, लंबक, वरची पोलादी पट्टी, काटे व चावी असे सगळे एकत्र कापडात बांधून पेटीच्या तळाशी किंवा माळ्यावर नाव घालून ठेवावे. ते पुन्हा बसवण्यासाठी पेटीत मूळ स्क्रूंची चार भोके तशीच असतात.